उरलेल्यांचे चौगुले सर

चौगुले सर वर्गात येताना घंटा घेऊन यायचे. शाळेतली नव्हे, देवळातली नव्हे. बैलाच्या गळ्यातली, पितळी, लिंबाएवढी. चालताना वाजू नये म्हणून रुमालात गुंडाळलेली. ती टेबलावर ठेवायची, रुमालाची घडी करून खिशात टाकायची आणि मग फळ्याकडे वळायचं. तास संपला की पुन्हा रुमाल, पुन्हा पिशवी. वाजवायची मात्र कधीच नाही.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला अर्थमिती होती. अर्थशास्त्रात आकडे घालून शिजवलं की अर्थमिती होते, एवढीच आमची समज. तासगावच्या आमच्या कॉलेजात हा विषय चौगुले सरांकडे होता, कारण दुसऱ्या कुणाला तो नको होता. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सर, घंटा कवा वाजवणार?"

"उरलेल्यांचा ढीग घंटेसारखा झाला की."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते या बाबतीत कधीच हसत नसत.

"उरलेले" हा सरांचा शब्द. पुस्तकात त्याला रेसिड्यूअल म्हणतात: आकड्यांवरून अंदाजाची एक रेषा मारायची, आणि तिच्या अंदाजापेक्षा खरं जेवढं वेगळं निघालं तेवढं उरलं. सर म्हणायचे, "रेषा म्हणती, हे पोरगं धा मिनिटं उशिरा येणार. आलं पंधरा मिनिटं उशिरा. वरची पाच कुणाची? ती उरली. ती बघायची. रेषा काय, कोण बी मारंल."

मग घंटेचं. "नशिबानं जे उरतं, ते दोन्ही बाजूला सारखं उरतं. थोडं थोडं लय जणांचं, लय लय थोड्या जणांचं. ढीग लाव, घंटा दिसती. त्याला नॉर्मल म्हणायचं. न्हाई दिसली तर समजायचं, ढिगात कोणतरी दडून बसलंय." एवढं बोलून ते पिशवीतून बेदाणे काढायचे. ढीग खडूनं काढायचा नाही, बेदाण्यांनी लावायचा, असा त्यांचा नियम. एका माणसाचं जे उरलं त्याचा एक बेदाणा. टेबलावर ओळीनं रास करायची. आणि ज्याचं नाव सांगता येणार नाही तो बेदाणा खायचा नाही. "नाव सांग" हा त्यांचा दुसरा शब्द. आकडा सांगितला की "नाव सांग". फळ्यावरच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं की "नाव सांग". आम्ही कंटाळून जायचो. तासगावात बेदाण्याला तोटा नाही, नावांना तरी कुठं असतो?

सर अंगानं हडकुळे. शर्ट त्यांनी घातलाय की खुंटीला अडकवलाय, कळत नसे. जैन माणूस, नियमाचे पक्के. सूर्य मावळला की तोंडात घास नाही. ताटात घेतलेलं टाकायचं नाही. जेवण झालं की ताटात पाणी घालून तेही पिऊन टाकायचं. कॅन्टीनवाला म्हणायचा, "चौगुले सरांचं ताट घासायला लागत न्हाई. पुसायचं बी काम न्हाई." मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं. मी सगळं तोंडावरच विचारते.

"सर, ताटात तुम्ही काही उरू देत नाही आणि गणितात उरलेल्याशिवाय बोलत नाही. हे काय?"

"ताटात किती उरवायचं ते आपल्या हातात हाय. गणितात न्हाई. पर टाकणारा दोन्हीकडं सारखाच, पत्रकबाई."

पत्रकबाई म्हणजे मी. मी त्या काळात पत्रकं लिहायचे. आजही लिहिते. मुलींच्या खोलीत पाणी नाही, पत्रक. वाचनालयाला दुपारी कुलूप, पत्रक. झेरॉक्सवाल्याला माझं अक्षर तोंडपाठ झालं होतं. सर प्रत्येक पत्रक नीट वाचायचे आणि परत द्यायचे.

"तुमच्या वाक्यांचा ढीग लावला, पत्रकबाई. सगळी एकाच बाजूला झुकल्यात."

"अन्यायही एकाच बाजूनं होतो, सर."

त्यांनी थोडा विचार केला. एक बेदाणा माझ्या हातावर ठेवला. "हे बी खरं हाय," म्हणाले.

एवढ्या शिस्तीचा माणूस स्वतः मात्र रोज उशिरा यायचा. पलूसहून येणारी त्यांची बस ठरलेली आणि ती उशिराची. त्याच्या आधीची बस त्यांना कधीच मिळत नसे. घाम पुसत यायचे, पोटावर हात ठेवून. कुणी चहा विचारला तर, "नको रं बाबा, पोट लय भरलंय." फाटकावर सदामामा वही घेऊन बसत आणि उशिरा येणाऱ्या पोरांची मिनिटं लिहीत. सर त्यांच्यासमोर उभे राहत.

"मामा, माझी बी लिवा."

"आवं सर, तुमाला कसं लिवू?"

"पेनानं."

झालं, मामा लिहायचे. आम्ही हसायचो. उशीर का होतो, हे मात्र आमच्यातल्या कुणी विचारलं नाही. वर्गात दहा मिनिटं जास्त मिळत होती, आम्ही कशाला विचारतोय?

त्याच वर्षी आम्हाला नवे प्राचार्य आले. पाटणकडचे गृहस्थ. शिस्त हा शब्द ते जेवणात मीठ घालावं तसा प्रत्येक वाक्यात घालत. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं: पहिल्या तासाला वारंवार उशीर करणाऱ्यांना परीक्षेला बसू दिलं जाणार नाही. फळ्यावर नावं लागली. त्यात कविता मगदूम.

कविता माझ्या शेजारी बसायची. वर्गात तिचा आवाज कधी ऐकू यायचा नाही, पण अर्थमितीत तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. भाऊ फौजेत, वडिलांचं कंबरेचं दुखणं, आई आणि ती. घरी ठरलं होतं: यंदा पदवी हातात आली तर सांगलीत राहून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास, नाही आली तर पुस्तकं बांधून ठेवायची. दुसऱ्या वर्षाची वाट बघायला घरात कुणी तयार नव्हतं. फळ्यावरचं नाव वाचून ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे गं."

जाऊ दे? माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दुपारपर्यंत पत्रक काढलं. लांबच्या गावांवर अन्याय! पायपीट करणाऱ्या पोरींना शिक्षा! शिस्तीच्या नावाखाली हकालपट्टी! प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं आणि थंडपणे विचारलं, "विट्याकडची मुलं मगदूमपेक्षा लांबून येतात. ती वेळेवर येतात. मग अंतराचा प्रश्न आहे की आळसाचा?"

 मी नुसता आवाज चढवला.

मी पत्रक घेऊन चौगुले सरांकडे गेले. त्यांनी वाचलं. "लांब हायत म्हणून उशीर, असं म्हणायचंय तुमाला?"

"हो."

"मग बघू की. उद्या हेच गणित."

दुसऱ्या दिवशी संगणकाच्या खोलीत वर्ग भरला. सदामामांच्या वहीतली पोरांची मिनिटं आणि प्रत्येकाच्या गावाचं अंतर. गट पाडले. रेषा मारायची, रेषेनं न सांगितलेलं बाजूला काढायचं, ते नॉर्मल आहे का त्याची कसोटी घ्यायची आणि बेदाण्यांचा ढीग लावून दाखवायचा. बेदाणे सरांनी मोजून वाटले.

आमचा ढीग काही केल्या घंटेसारखा होईना. कसोटीही नापास. तेवढ्यात महेश उठला. महेश हा आमच्या वर्गातला पहिला नंबर. वडिलांचा बेदाण्याचा व्यापार, बोलणं कायम विजयी. "सर, वाजवा घंटा!" त्याच्या टेबलावर खरोखरच घंटा होती. देखणी, गोल, दोन्हीकडे उतरती. संगणकावर कसोटी पास.

सरांचा हात घंटेकडे गेला. सगळा वर्ग उठून उभा राहिला. आणि हात थांबला.

"ढीग बारका का दिसतोय रं?"

"तसाच आलाय, सर."

"बेदाणे मी सगळ्यांना सारखे दिल्यात. बाकीचे कुठं हायत?"

 महेशचा गाल हलत होता.

"काय खातोयस?"

"सर, ते... एका कडेला वाकडेच पडत होते. त्यांच्यामुळं कसोटी पास होईना. मग काढले."

"काढले ते काढले. खाल्लेस?"

"हो, सर."

मी चौगुले सरांना चिडलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आवाज चढला नाही. त्यांनी घंटा रुमालात गुंडाळली, एवढंच. मग म्हणाले, "कसोटी नापास झाली म्हंजे माणसं नापास झाली व्हय? आपली रेष नापास झाली, गड्या. रेष दुरुस्त करायची सोडून तू माणसं खाल्लीस. कुणाकुणाला खाल्लंस? नावं सांग."

महेशनं पडद्यावर बघून काढलेले आकडे सांगितले. सरांनी प्रत्येक आकड्यापुढचं नाव वाचायला लावलं आणि प्रत्येक नावाला आपल्या पिशवीतला एक बेदाणा परत टेबलावर ठेवला.  चौथं नाव कविता मगदूम. नावं संपली तेव्हा महेशच्या सुंदर घंटेशेजारी दुसरा, लहान, वेगळा उंचवटा उभा होता.

"बैलाला वशिंड किती?" सरांनी विचारलं.

"एक."

"हितं किती हायत?"

"दोन."

"मग बैल बी दोन हायत. आपण एकच समजत हुतो. ह्या दुसऱ्या बैलाला काय झालंय, ते रेषेला ठावं न्हाई. तुमाला ठावं हाय का कुणाला?"

 मी नावं पुन्हा वाचली. एकाच अंगाची गावं होती सगळी, पलूसकडची, उसाची. मी कविताकडे बघितलं. ती वहीत रेघोट्या ओढत होती.

"अगं, बोल की!" मी तिला कोपर मारलं.

"लाईट," कविता म्हणाली.

"काय?"

"आमच्या फिडरला थ्री-फेज लाईट सकाळची असती. लाईट आली की मोटार चालू करायची, दारं धरायची. ह्या सरीतनं त्या सरीत पाणी. दादा फौजंत, बाबांना वाकता येत न्हाई. लाईट गेल्याशिवाय मी निघणार कशी?"

दुसऱ्या टेबलावरचा एकजण म्हणाला, "आमचं बी तेच की." मग तिसरा.

मी उसळले. "मग इतके दिवस सांगितलं का नाहीस? मी पत्रकात घातलं असतं!"

"लाईटीचं काय सांगायचं? ती सगळ्यांच्यातच कवा ना कवा येती. ते काय कारण हाय व्हय?"

हे आमच्या भागातच होऊ शकतं. लाईट कुठल्या गावाला कधी येते, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून ते कुणी कुणाला सांगत नाही, आणि विचारतही नाही. मी सुद्धा शेतकऱ्याची पोर. माझ्या पत्रकात अंतर होतं, अन्याय होता, लाईट नव्हती.

सरांनी कविताला संगणकासमोर बसवलं. अंतराशेजारी तिनं एक नवा रकाना घातला: सकाळची लाईट, असली तर एक, नसली तर शून्य. पुन्हा रेषा. पुन्हा कसोटी. पास! कुणालाही न काढता, कुणालाही न खाता पास. बेदाण्यांची रास लावली तर दुसरं वशिंड गायब.

"सर, वाजवा आता!" वर्ग ओरडला.

"आदी साहेब," सर म्हणाले. दोन वशिंडांचा पहिला ढीग त्यांनी कॅन्टीनच्या ट्रेमध्ये जसाच्या तसा लावून घेतला आणि निघाले. इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. सर तासिका तत्त्वावर होते. दरवर्षी नव्यानं नेमणूक, आणि ती प्राचार्यांच्या सहीनं. मी त्यांना जिन्यात म्हटलं, "सर, तुम्ही नका येऊ. आम्ही बोलतो."

"तुमी बोलल्यावर सगळं एका बाजूला झुकतंय, पत्रकबाई. ट्रे कोण धरणार?"

प्राचार्यांनी ट्रेकडे पाहिलं. "चौगुले, हे काय?"

"तुमी ज्यास्नी आळशी म्हणताय ती पोरं, साहेब." आणि सर समजावू लागले. रेषा, उरलेले, दोन बैल, सकाळची लाईट. विट्याकडची पोरं लांबून येऊनही वेळेवर का येतात आणि कविता जवळून येऊनही का नाही. प्राचार्य मन लावून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा हात ट्रेकडे गेला. सवयीनं दोन बोटांनी एक बेदाणा उचलला आणि तोंडात टाकला.

सर बोलायचे थांबले.

"आवं साहेब, ती कविता हुती."

 प्राचार्यांचं तोंड बंद. चावावं की बाहेर काढावं, त्यांना कळेना. सर हताश होऊन माझ्याकडे वळले. "ह्या कॉलेजात पोरीला खायाला सगळेच टपल्यात."

आणि प्राचार्य हसले! आधी खोकले, मग हसले, मग डोळे पुसले. मी भांडायला म्हणून सहा मुद्दे पाठ करून गेले होते, ते तसेच राहिले. "आमच्याकडं डोंगर," ते म्हणाले, "पाऊस पडतो, भात होतो. लाईटीची वाट बघत ऊस पाजायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नाही."

"तुमी नाव इचारलं न्हाई," सर म्हणाले.

संध्याकाळच्या आत फळ्यावरची नावं उतरली. सकाळच्या लाईटच्या गावांसाठी पहिला तास दुपारी पुन्हा घ्यायचं ठरलं. सगळे परीक्षेला बसणार. मी ते प्राचार्यांच्या सहीनं लेखी घेतलं, कारण तोंडी आश्वासनांवर माझा विश्वास नाही. जिंकलो! मी माझ्या आयुष्यात इतकी पत्रकं काढली, पण जिंकल्याचं पत्रक ते पहिलं. त्यावर मी घोषणा लिहिली नाही. बेदाण्यांच्या दोन्ही ढिगांचं चित्र काढलं आणि खाली नावं.

दुसऱ्या दिवशी सरांनी घंटा हातात घेतली आणि वाजवली. लहान घंटा, पण आवाज असा खणखणीत की शेजारच्या वर्गाला वाटलं सुट्टी झाली, आणि तो वर्ग खरोखर घरी गेला. महेशनं कविताला सगळ्या वर्गादेखत एक मूठ बेदाणे दिले. "तुझे खाल्लेले परत." ती म्हणाली, "उष्टे न्हाईत न्हवं?" तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला.

ढीग टेबलावर तसाच होता. घंटा देखणी होती. पण उजव्या टोकाला, सगळ्यांपासून लांब, काल नसलेला एक बेदाणा एकटाच पडला होता.

"सर, हा कोण?" मी विचारलं.

"एकट्यानं घंटा बिघडत न्हाई."

"नाव सांगा, सर."

चौगुले सरांनी घंटेला रुमाल गुंडाळला. "तास संपला," म्हणाले.

तास संपायला बराच वेळ होता. आणि त्या माणसानंच मला शिकवलं होतं की रेषेनं न सांगितलेलं सोडायचं नसतं. मी कविताला म्हटलं, त्या वहीत पोरांशिवाय आणखी कोणाची मिनिटं आहेत? ती माझ्याकडे बघत राहिली. "पर सरांच्यात ऊस कुठाय? पलूस गावात राहतात की."

सोमवारी सकाळी मी पेढे घेऊन पलूसला उतरले. कविताच्या फिडरची पाळी तेवढ्या आठवड्यापुरती दुपारी गेली होती, म्हणून तीही आली. सरांचं घर दोन खोल्यांचं. दार उघडंच. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

सर स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. समोर दोन ताटं. दोन्हींत भाकरी, दोडक्याची भाजी, दाण्याची चटणी. एक ताट अर्धं झालेलं. दुसऱ्याला अजून हात लागलेला नव्हता. घरात दुसरं कुणी नव्हतं. भिंतीवर बाईंचा फोटो होता, हार जुना.

आम्हाला बघून सर चोरी सापडल्यासारखे हसले. "या, या. बसा."

"कुणी यायचंय का, सर?" कवितानं विचारलं.

"न्हाई गं." त्यांनी पिठाच्या परातीकडे बघितलं. "ती गेली त्याला लय दिवस झालं. पर माप काय जात न्हाई. पीठ घ्याया गेलं की हात दोघांचंच घेतोय. कमी घेऊन बघितलं. जमत न्हाई." मग म्हणाले, "आन् केल्यावर टाकायचं तर न्हाई."

म्हणून ते रोज दोन्ही ताटं संपवायचे. एक भराभर, दुसरं हळूहळू. दोन्ही ताटांत पाणी घालून पिऊन टाकायचे. तोवर आधीची बस गेलेली असायची.

इतके दिवस "नाव सांग, नाव सांग" म्हणून आमचा जीव काढणारा माणूस, आणि त्याच्याच बेदाण्याचं नाव आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नव्हतं.  आमच्या कॉलेजात हे कुणाला खरं वाटणार नाही.

कविताचं मात्र ठरलं होतं. तिनं चपला काढल्या, पाट ओढला आणि दुसऱ्या ताटासमोर मांडी घालून बसली. अर्धी भाकरी मोडून माझ्या हातात दिली. "लवकर खा गं. आदीची बस गाठायची हाय."

सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि घास घेतला.

फाटकावर सदामामांनी आधी सरांकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग पुन्हा सरांकडे. "आज काय हाय, सर? सुट्टी हाय काय?"

"लिवा, मामा," सर म्हणाले.

"काय लिवू? उशीरच न्हाई तर?"

"शून्य लिवा." त्यांनी पिशवीतली घंटा चाचपली. "आन् ह्या दोघींची बी नावं लिवा फुडं. कारण म्हणून."